बादलीतला आफ्रिकन पाहुणा

गेल्या पावसाळ्यात जळगावच्या मेहरूण तलावावर एक शाळकरी मुलगा बादली घेऊन उभा दिसला. बादलीत हातभर लांबीचा, काळपट, लांब मिशांचा मासा. "काका, काचपेटीत मावत नाही. बाकीचे मासेही खाऊन टाकले. आई म्हणाली, तलावात सोडून ये." मुलाच्या मनात दयाच होती. पण तो मासा होता आफ्रिकन मांगूर, आणि त्याची कहाणी बादलीत मावणारी नाही.

योगायोग पाहा. 1822 या एकाच वर्षी दोन मांगूर शास्त्राच्या वहीत आले. कंपनी सरकारचे डॉक्टर फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेतल्या माशांवरील ग्रंथात आपला देशी मांगूर नोंदवला. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत भटकून आलेले विल्यम बर्चेल यांनी तिकडचा मांगूर नोंदवला. तिथल्या ऑरेंज नदीचे जुने नाव गारीप. त्यावरून माशाचे नाव पडले 'गारीपायनस'. नाईल नदीपासून आफ्रिकेतील मोठ्या सरोवरांपर्यंत त्याचा संचार. मिशांच्या माशाचा मान तिकडे जुनाच. पाच हजार वर्षांपूर्वी इजिप्तचा राजा नार्मर याचे नाव लिहिताना अशाच माशाचे चित्र काढत.

हा मासा मीटरभराहून लांब वाढतो. कल्ल्यांच्या वर असलेल्या खास अवयवामुळे तो हवेतूनही श्वास घेतो, ओल्या जमिनीवरून सरपटत दुसऱ्या डबक्यात जातो. मासे, बेडूक, किडे, कुजके मांस, त्याला काहीच वर्ज्य नाही. कमी पाण्यात दाटीने वाढतो म्हणून मत्स्यपालकांना तो आवडला. थायलंडमध्ये त्याचा तिथल्या मांगुराशी संकर झाला. तिथून बांगलादेशमार्गे, परवानगीविना, तो नव्वदच्या दशकात भारतात शिरला. 'थाई मांगूर' हे नाव म्हणूनच फसवे; मूळ गाव आफ्रिकाच.

केंद्र सरकारने 2000 साली त्याच्या पालनावर बंदी घातली. पुढे राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर 2020 साली महाराष्ट्रातही त्याचे साठे नष्ट करण्याची मोहीम निघाली. तरी चोरून पालन होत राहिले, आणि पिल्ले काचपेटीतही पोहोचली. बोटभर असताना ते गोजिरवाणे दिसते. वाढले की झाकण उचलून बाहेर पडते. त्याला मोठी टाकी, जड झाकण आणि एकांत हवा. घरातल्या पेटीत हे जमणे कठीण, शिवाय कायदाही आड येतो.

आता आपल्या खान्देशाचे पाहा. धुळ्याची पांझरा आणि जळगावची गिरणा, दोन्ही अखेर तापीला मिळतात. पावसाळ्यात तलाव भरून वाहिले की एका ठिकाणी सोडलेला मासा कुठवर जाईल, सांगता येत नाही. देशी मासे आणि त्यांची पिल्ले हे त्याचे आयते खाद्य. जाळ्यावर पोट असलेल्या भोई, कोळी, भिल्ल कुटुंबांची मिळकत त्यात जाते. नदी एकदा बिघडली की मासा परत बादलीत घालता येत नाही.

मी त्या मुलाला एवढेच सांगितले, "बाळा, घरी घेऊन जा. उद्या वडिलांसोबत मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यालयात विचार." तो थोडा हिरमुसला, पण बादली उचलून निघाला. पाण्यात काही सोडताना ते कुठून आले, हे विचारायची सवय आपल्यालाही लागली तर तापीवर उपकार होतील.