थायरॉईडचा रिपोर्ट नॉर्मल आला, म्हणजे कॅन्सर नाही असे समजावे का?

मानेत गाठ जाणवली की अनेक जण आधी लॅबमध्ये जाऊन टी३, टी४ आणि टीएसएच करून घेतात. रिपोर्ट नॉर्मल आला की घरातले निश्चिंत होतात आणि गाठ तशीच राहते. ही चूक टाळायला हवी, कारण थायरॉईड कॅन्सर असलेल्या बहुतेक रुग्णांच्या या तिन्ही तपासण्या नॉर्मलच असतात.

असे का होते?

या तपासण्या ग्रंथी किती काम करते हे सांगतात. गाठ कोणत्या पेशींची आहे हे सांगत नाहीत. कॅन्सरची गाठ सहसा जास्त हार्मोन तयार करत नाही आणि उरलेली ग्रंथी आपले काम नीट करत राहते. उलट, टीएसएच कमी-जास्त असणे म्हणजेही कॅन्सर नव्हे.

मग गाठ असताना टीएसएच का करतात?

पुढची दिशा ठरवण्यासाठी. टीएसएच कमी असेल तर थायरॉईड स्कॅन करतात. जास्त हार्मोन बनवणारी गाठ क्वचितच कॅन्सरची असते. केस-नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर डॉक्टरांना आधी सांगा. त्यामुळे रिपोर्ट चुकू शकतो.

इतर दोन रक्ततपासण्या

- थायरोग्लोब्युलिन: साध्या गाठीत, सुजेतही हे वाढते. म्हणून निदानासाठी ते भरवशाचे नाही. पॅपिलरी किंवा फॉलिक्युलर कॅन्सरसाठी संपूर्ण ग्रंथी काढल्यानंतर मात्र आजार परततो आहे का, हे पाहायला ते उपयोगी पडते. सोबत अँटी-थायरोग्लोब्युलिन अँटिबॉडी तपासावी लागते. ती असल्यास आकडा फसवा येऊ शकतो.
- कॅल्सिटोनिन: मेड्युलरी या कमी आढळणाऱ्या प्रकारात हे वाढते. या प्रकाराचे सुमारे एक चतुर्थांश रुग्ण आनुवंशिक असतात. म्हणून कुटुंबात कोणाला तो झाला असेल तर नातेवाइकांनी आरईटी जनुकाच्या तपासणीबद्दल विचारावे. किडनीचा आजार किंवा अॅसिडिटीच्या काही गोळ्यांमुळेही कॅल्सिटोनिन थोडे वाढते.

निदान कशाने होते?

मानेची सोनोग्राफी आणि गरज पडल्यास एफएनएसी, म्हणजे बारीक सुईने गाठीतील पेशी काढून केलेली तपासणी. प्रत्येक गाठीला सुई लागत नाही. गाठीचा आकार आणि सोनोग्राफीतील स्वरूप पाहून डॉक्टर ठरवतात. बहुतांश गाठी साध्याच निघतात.

काहीच त्रास नसताना तपासणी करावी का?

सहसा नाही. दक्षिण कोरियात सोनोग्राफीने सरसकट तपासणी सुरू झाल्यावर २०११ पर्यंत या कॅन्सरच्या निदानाचे प्रमाण १९९३ च्या सुमारे १५ पट झाले, पण मृत्यूंचे प्रमाण बदलले नाही. ज्यांनी आयुष्यभर त्रास दिला नसता अशा गाठींसाठीही अनेकांवर शस्त्रक्रिया झाल्या. अमेरिकेच्या प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्सनेही २०१७ मध्ये लक्षणे नसलेल्या प्रौढांची अशी तपासणी करू नये, असे सुचवले.

डॉक्टरांकडे कधी जावे?

- मानेत नवी किंवा वाढणारी गाठ असल्यास
- आवाज बसून तीन आठवड्यांत सुटला नाही तर
- गिळताना किंवा श्वास घेताना अडचण आल्यास
- लहानपणी मानेला रेडिएशन दिले असल्यास किंवा घरात थायरॉईड कॅन्सर असल्यास

जाताना रक्ताचा रिपोर्ट जरूर न्या, पण तो नॉर्मल आहे म्हणून जाणे टाळू नका. थायरॉईडचे बहुतेक कॅन्सर वेळेत उपचार केल्यास बरे होतात.