गिट्टी

परवा दुपारी वडिलांचा फोटो पडला. आम्ही दोघे आत वामकुक्षी घेत होतो. आवाज झाला म्हणून बाहेर येऊन पाहतो तर काचेचा चुरा, फ्रेमचा कोपरा निखळलेला, आणि त्याशेजारी लाकडाचा एक गुटका. खिळा अजून त्या गुटक्यातच घट्ट होता. म्हणजे खिळ्याने लाकूड सोडले नव्हते, लाकडाने भिंत सोडली होती.

घर बांधले १९८३ साली. तेव्हा गवंड्याने छिन्नीने चौकोनी भोक पाडून त्यात हा गुटका बसवला होता आणि कडेने सिमेंट लिंपले होते. पावसाळ्यात भिंतीला ओल आली की लाकूड फुगते, उन्हाळ्यात आकसते. चाळीस वर्षे फुगून आणि आकसून ते बिचारे थकले असणार.

फ्रेम दुसऱ्या दिवशी नवी होऊन आली. पण भिंतीत नवे भोक पाडायला माणूस मिळेना. ओळखीच्या वायरमनला तीनदा फोन केला. "काका, एका भोकासाठी काय यायचं? चार-पाच कामं जमवा, मग येतो." त्याचेही खरे आहे. रात्री मुलाशी बोलणे झाले. तो अमेरिकेत असतो. म्हणाला, "बाबा, माझ्या गॅरेजमध्ये दोन ड्रिल पडलेत. तिथे असतो तर पाच मिनिटांचं काम होतं." फोन ठेवल्यावर ही काही बोलली नाही, मीही बोललो नाही. फोटो पलंगावर भिंतीला टेकून उभा होता.

शेवटी मीच हार्डवेअरच्या दुकानात गेलो. तिथल्या मुलाने स्क्रूबरोबर प्लास्टिकच्या बोटभर नळ्या हातावर ठेवल्या. "गिट्टी घ्या काका, त्याशिवाय धरणार नाही." रस्त्यावर पसरतात ती खडी म्हणजे गिट्टी, एवढेच मला ठाऊक. बत्तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला, पानिपत आणि प्लासी तोंडपाठ. पण या नळीलाही इतिहास असेल असे कधी मनात आले नव्हते. घरी येऊन वाचत बसलो.

१९१०च्या सुमाराची गोष्ट. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये विजेची उपकरणे भिंतीवर बसवायची होती, पण भिंतीची नासधूस न करता आणि डोळ्यांत न भरेल अशी. काम होते जॉन जोसेफ रॉलिंग्ज या बांधकाम कंत्राटदाराकडे. तोवर इंग्लंडातही रीत आमच्या गवंड्याचीच होती: विटांमधल्या सांध्यात छिन्नीने खाच पाडायची, लाकडाचा गुटका ठोकायचा, त्यात खिळा मारायचा. भोक मोठे, लिंपण जास्त, आणि जागा सांधा असेल तिथलीच. रॉलिंग्जने तागाच्या तंतूंची छोटी नळी केली. ती घट्ट राहावी म्हणून जनावराचे रक्त वापरत, असे सांगतात. भोक लहान पाडायचे, नळी आत सारायची आणि तिच्यात स्क्रू पिळायचा. स्क्रू आत जाईल तशी नळी फुगते आणि भोकाच्या कडांवर दाब देते. त्या दाबाने जे घर्षण होते, त्यावर सगळा भार. हीच ती रॉलप्लग, आपल्याकडच्या जुन्या मिस्त्रींच्या तोंडचा 'रावल प्लग'. आणि त्या काळी ताग म्हणजे बंगालचा! स्कॉटलंडमधल्या डंडीच्या गिरण्या त्यावरच चालत. साहेबाच्या म्युझियममधल्या दिव्यांना आमच्या तागाचा आधार, हे वाचून उगीचच बरे वाटले.

प्लास्टिकची गिट्टी मात्र जर्मनीची. आर्टुर फिशर हा मुळात कुलुपे आणि लोखंडकाम शिकलेला कारागीर. १९५८ साली त्याने नायलॉनची गिट्टी केली. तिला मध्ये चीर आणि कडेला दाते, त्यामुळे ती भोकात गरगर फिरत नाही. नायलॉन लाकडासारखे आकसतही नाही. हा गृहस्थ २०१६ साली गेला तेव्हा त्याच्या नावावर अकराशेहून अधिक पेटंटे होती. कॅमेऱ्याच्या बटणाबरोबर उडणारा फ्लॅशसुद्धा त्याचाच. म्हणजे फोटो काढायची सोय त्याची आणि टांगायचीही.

गिट्टी झाली, पण भोक? हातात धरायचे विजेचे ड्रिल स्टुटगार्टच्या फाइन कंपनीने १८९५ सालीच केले होते, पण ते धूड कारखान्यासाठी. अमेरिकेत ब्लॅक आणि डेकर या दोघांनी ड्रिलला पिस्तुलासारखी मूठ आणि चाप दिला, त्याचे पेटंट १९१७चे. दुसऱ्या महायुद्धात कारखान्यातले कामगार ही ड्रिले घरच्या कामाला नेऊ लागले, तेव्हा कंपनीच्या लक्षात आले की गिऱ्हाईक घरातही आहे. १९४६ साली तिने घरगुती ड्रिल बाजारात आणले. युद्ध संपलेले, नवी घरे, मोटारीसाठी गॅरेज आणि सुताराची मजुरी न परवडणारी. आपले काम आपणच करायची हौस तिथे अशी फोफावली. हौस कसली, गरजच ती.

आपल्याकडे गरज पडली नाही, कारण सुतार, गवंडी हाकेच्या अंतरावर आणि स्वस्त. वाड्यात भिंत बांधतानाच खुंट्या बसवलेल्या असत. आजोबांची टोपी तिथेच, उपरणे तिथेच. काय कुठे टांगायचे हे घर बांधणाऱ्याने ठरवलेले. आणि खरे सांगायचे तर हातात छिन्नी धरणे हे आपले काम नव्हे, असे आमच्यासारख्या घरांतून न शिकवताच शिकवले जाई. १९३७च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षण मांडले. परीक्षेला त्यावर टीप मी कितीदा लिहून घेतली असेल! स्वतः मात्र बल्बपलीकडे काही बदलले नाही. असो.

शेजाऱ्यांकडून ड्रिल मागून आणले. त्यांनी दोन गोष्टी बजावल्या. बटणांच्या बोर्डाच्या सरळ वर-खाली भोक पाडायचे नाही, आत वायर असते. आणि सहा मिलिमीटरच्या गिट्टीला बिटही सहाचेच. बिटाच्या टोकाला विडिया नावाचा कठीण धातू असतो. क्रुप कंपनीने १९२०च्या दशकात काढलेला, नावाचा अर्थ 'हिऱ्यासारखा'. गिट्टीच्या लांबीइतके अंतर मोजून मी बिटाला चिकटपट्टी गुंडाळली आणि स्टुलावर चढलो. हिने एका हाताने माझा पाय धरला, दुसऱ्या हाताने भिंतीला वर्तमानपत्र धरले. चाप दाबला. आधी पांढरी पूड आली, गिलाव्याची. मग लाल, विटेची. हात थरथरत होते. वयाने की ड्रिलने, कोण जाणे. गिट्टी हातोडीने आत सारली, स्क्रू पिळला. शेवटचे दोन फेरे जड गेले. तेव्हा कळले, भिंतीने धरले.

फोटो लावला. ही लांब जाऊन म्हणाली, "डावीकडे थोडा कललाय." मी सरळ केला.

ड्रिल परत करायचे अजून राहिले आहे. सात गिट्ट्या उरल्यात, आणि स्वयंपाकघरात खिसणीसाठी हुक हवा असे ही चार वर्षे म्हणते आहे.