बस्त्यासाठी कारनं सुलतान बाजारला निघताय? आठ दिवस आधी टायर आणि हेडलाइट बघून घ्या

देगलूर : लग्नसराई तोंडावर आली की देगलूर, बिलोली, धर्माबाद, मुखेड, उदगीर, उमरगा या भागातल्या घरांत एकच चर्चा सुरू होते, बस्ता कुठं बांधायचा? नांदेड, लातूर, सोलापूर जवळ असलं तरी अनेकांची पावलं हैदराबादच्या सुलतान बाजारकडंच वळतात. इंग्रजांच्या रेसिडेन्सीला लागून वसलेला हा बाजार १९३३ मध्ये निजामाकडं परत गेला आणि रेसिडेन्सी बाजारचा सुलतान बाजार झाला. काचीगुडा, बडी चावडी, इसामिया बाजार या आसपासच्या भागांत पिढ्यान्‌पिढ्या मराठी घरं आहेत. त्यामुळं आपल्या माणसांना तिथं परकं वाटत नाही.

पूर्वी लोक एसटीनं नाहीतर रेल्वेनं जायचे. आता दारात कार उभी असते. पहाटे निघायचं, दुपारपर्यंत साड्या, संध्याकाळपर्यंत बाकीची खरेदी, जेवण उरकून रात्रीच परत, असा बेत ठरतो. जाताना गाडीत पाच माणसं आणि जेवणाचे डबे असतात. येताना तीच पाच माणसं, डिकीत साड्यांचे गठ्ठे, भांडी, मांडीवर पिशव्या आणि बाहेर अंधार.

एरवी ही गाडी तालुक्यात ताशी चाळीसनं फिरते. टायर थोडं झिजलेलं असलं, एका बाजूचा हेडलाइट मंद असला तरी निभावून जातं. महामार्गावर तसं निभत नाही. देगलूरकडून मदनूर, पिटलम, जोगीपेट मार्गे संगारेड्डीला जाणारा राष्ट्रीय महामार्ग १६१ असो, उमरगा-जहीराबादवरून जाणारा ६५ असो, की निजामाबाद-कामारेड्डीकडून जाणारा ४४, तिन्हीकडं गाडी तासन्‌तास ऐंशी-नव्वदच्या वेगात राहते. वाटेत मागं लाल दिवा नसलेली उसाची ट्रॉली, रस्त्यावर बसलेली जनावरं, कडेला वाळत घातलेलं धान्य यांतलं काहीही समोर येऊ शकतं.

साधा हिशेब

ताशी ८० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला सुमारे २२ मीटर जाते. अडथळा दिसल्यावर ब्रेकवर पाय जायला एक सेकंद धरला तर २२ मीटर तिथंच गेले. पुढं कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरवर गाडी थांबायला आणखी ३५ ते ४० मीटर लागतात. म्हणजे एकूण साधारण ६० मीटर. डिपरचा उजेडही साधारण ५० ते ६० मीटरपर्यंतच चांगला पडतो. सगळं ठीक असतानाच हिशेब इतका काठावरचा आहे. काच पिवळी पडून उजेड ३० मीटरवर आला, किंवा टायर गोटा झाल्यानं थांबायला जास्त अंतर लागलं, तर हिशेब चुकलाच. म्हणून टायर आणि हेडलाइट ही दोन वेगळी कामं समजू नका, दोन्ही एकाच वेळी करून घ्या.

टायर कधी बदलायचं?

टायरच्या खाचांत जागोजागी रबराचे बारीक उंचवटे असतात. टायरच्या कडेला 'टीडब्ल्यूआय' अक्षरं किंवा छोटा त्रिकोण असतो, त्याच्या रेषेत खाचेत बघितलं की ते सापडतात. नक्षी झिजून या उंचवट्यांना टेकली, म्हणजे खोली १.६ मिलिमीटरवर आली, की टायर संपलं. पावसाळ्यात त्याच्याही आधी बदललेलं चांगलं, कारण पाणी बाहेर फेकायचं काम या खाचाच करतात.

दुसरी गोष्ट वय. आपल्याकडं बऱ्याच गाड्या वर्षात चार-पाच हजार किलोमीटरच फिरतात. नक्षी नव्यासारखी दिसते, पण रबर कडक झालेलं असतं. टायरच्या कडेला 'डीओटी'च्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३२१ असेल तर ते टायर २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलं. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराला दाखवा. कडेला बारीक भेगा दिसत असतील तर नक्षीकडं बघू नका, बदला. स्टेपनीचंही वय बघा. बहुतेक गाड्यांत तीच सगळ्यात जुनी निघते.

टायरच्या कडेला फुगवटा आला असेल तर आतले धागे तुटलेले असतात. त्याला पॅच नाही, दुरुस्ती नाही. कडेला झालेलं पंक्चरही काढून वापरायचं नसतं.

झीज कशी आहे त्यावरून कारणही कळतं. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी राहते. मधला पट्टा झिजला तर हवा जास्त भरली जाते. एकच कड झिजली तर अलाइनमेंट बिघडलंय. हे कारण दूर न करता नवं टायर टाकलं तर तेही तसंच जाईल.

टायरवरचा नंबर कसा वाचायचा?

समजा टायरवर १८५/६५ आर १५ ८८ एच असं आहे. १८५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे टायरच्या कडेची उंची रुंदीच्या ६५ टक्के. 'आर' म्हणजे रेडियल, १५ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. ८८ हा वजनाचा आकडा, एक टायर ५६० किलो पेलतं. 'एच' म्हणजे वेगमर्यादा ताशी २१०. 'एस' असेल तर १८०, 'टी' असेल तर १९०.

गाडीच्या ड्रायव्हरकडच्या दाराजवळ स्टिकर असतो, त्यावर कंपनीनं ठरवलेली साइज आणि हवा लिहिलेली असते. तीच साइज घ्या. वजनाचा आणि वेगाचा आकडा त्यापेक्षा कमी नको. रुंद टायर टाकायची हौस असेल तर आधी बाहेरचा व्यास जुळतो का ते बघा. १६५/८० आर १४ चा व्यास सुमारे ६२० मिलिमीटर भरतो आणि १८५/६५ आर १५ चा ६२१. म्हणूनच स्विफ्टसारख्या गाडीत एका मॉडेलला पहिली आणि दुसऱ्याला दुसरी साइज कंपनीच देते. व्यास बदलला की स्पीडोमीटर चुकतो आणि टायर मडगार्डला घासायची शक्यता वाढते.

टायरवर आयएसआय मार्क असलाच पाहिजे. रिसोल केलेलं टायर स्वस्त पडतं म्हणून कारला घालून महामार्गावर जाऊ नका.

दोनच टायर घ्यायची ऐपत असेल तर नवी जोडी मागं टाका. बरेच जण पुढं टाकतात. ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरली तर गाडी वळायला जड जाते, पण ॲक्सिलरेटर सोडला की सावरता येते. मागची घसरली तर गाडी गरकन फिरते आणि साध्या ड्रायव्हरच्या हातात राहत नाही.

उन्हाळ्यात हवा कमी करू नका

'उन्हात टायर तापतं, फुटेल, हवा थोडी कमी ठेवा' हा सल्ला पंक्चरच्या दुकानापासून पाहुण्यांपर्यंत सगळेच देतात. तो उलटा आहे. हवा कमी असली की टायरची कड प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते, त्या दबण्यानं आतून उष्णता तयार होते आणि तिनंच टायर फुटतं. वर वजन आणि वेग असेल तर आणखी लवकर. स्टिकरवर भरलेल्या गाडीसाठी वेगळा आकडा असेल तर परतीसाठी तोच ठेवा. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासायची. गरम टायरमध्ये आकडा वाढलेला दिसतो म्हणून हवा सोडून देऊ नका. नायट्रोजन मिळाला तर ठीक, पण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. महिन्यातून एकदा हवा तपासणं जास्त महत्त्वाचं.

हैदराबादला टायर स्वस्त मिळतं का?

'तिकडं चाललोच आहोत तर टायरही टाकून येऊ' असं अनेकांच्या डोक्यात असतं. १ जुलै २०१७ पूर्वी दोन राज्यांचे कर वेगळे होते, तेव्हा यात काही अर्थ होता. आता जीएसटी दोन्हीकडं एकच आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून कारच्या टायरवरचा दर २८ वरून १८ टक्के झाला, तोही सगळीकडं सारखाच. सदाशिवपेटला एमआरएफचा कारखाना आहे म्हणून हैदराबादेत ते टायर करात स्वस्त पडत नाही. फरक पडलाच तर दुकानदाराच्या सवलतीत. ती घेताना पक्कं बिल सोडून देऊ नका. बिलाशिवाय वॉरंटीचा दावा कसा करणार?

दुसरं असं की नवं टायर पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर सांभाळून चालवायचं असतं, आणि चाक बसवल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून बघायचे असतात. सुलतान बाजारच्या दिवशीच टायर टाकून भरलेली गाडी रात्री दोनशे किलोमीटर पळवली तर यातलं काहीच होत नाही. ज्या गावात पुन्हा सहज जाता येईल तिथूनच टायर घ्यावं.

हेडलाइटचा बिघाड कसा ओळखायचा?

बऱ्याच साध्या गाड्यांत 'एच ४' बल्ब असतो. एकाच बल्बमध्ये अपरची ६० वॅटची आणि डिपरची ५५ वॅटची अशा दोन तारा असतात. बिघाड पुढीलप्रमाणे ओळखता येतो.

- एका बाजूचा डिपर बंद, अपर चालू : बल्बची एक तार गेली. दुसऱ्या बाजूचा बल्बही तेवढाच जुना असतो, जोडी बदला.
- एक बाजू पूर्ण बंद : आधी बल्ब, मग होल्डरचा कपलर, मग फ्यूज. अनेक गाड्यांत डाव्या-उजव्या बाजूला वेगळे फ्यूज असतात.
- दोन्ही एकदम बंद : दोन्ही बल्ब एकाच वेळी सहसा जात नाहीत. फ्यूज, रिले आणि स्टिअरिंगजवळचा स्विच तपासा.
- एकच बाजू मंद : अर्थिंगच्या तारेला किंवा कपलरला गंज.
- दोन्ही मंद, ॲक्सिलरेटर दिला की उजेड वाढतो : बॅटरीचे टर्मिनल, पट्टा किंवा अल्टरनेटर. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट मिळायला हवेत.
- बल्ब वारंवार उडतो : होल्डर ढिला, व्होल्टेज जास्त किंवा आत पाणी. हॅलोजन बल्बच्या काचेला बोटं लावू नका. बोटाचं तेल लागलेली जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो.

काचेच्या आत पावसाळ्यात पातळ वाफ धरली तर ती आपोआप जाते. पाणी साचत असेल तर मागचं रबरी टोपण नीट बसलंय का ते बघा. बल्ब बदलताना अनेकदा ते तसंच राहून जातं.

बल्ब नव्हे, काच बदललीय

'उजेड कमी पडतो' म्हणून आलेल्या जुन्या गाड्यांत बऱ्याचदा बल्ब चांगला असतो आणि काच पिवळी झालेली असते. ही काच खरं तर पॉलीकार्बोनेट प्लास्टिकची असते आणि उन्हानं वरचा थर खराब होतो. पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरनं आधी हजार, मग दोन हजार, मग तीन हजार नंबर असं घासायचं, नंतर पॉलिश आणि शेवटी ऊन अडवणारं कोटिंग. कोटिंग केलं नाही तर काही महिन्यांत काच पुन्हा पिवळी. टूथपेस्टनं घासलेली काचही चार दिवसच चमकते.

काच न बघता ९०/१०० वॅटचा बल्ब टाकणं महागात पडतं. बारा व्होल्टवर ६० वॅटला ५ अँपिअर लागतात, १०० वॅटला ८ पेक्षा जास्त. कंपनीची वायर आणि स्विच तेवढ्यासाठी नसतात. होल्डर वितळतो, कधी वायरिंगच जळतं. हॅलोजनसाठी बनवलेल्या हेडलाइटमध्ये बाजारातला एलईडी घुसवला तर उजेड विखुरतो. आपल्याला पांढराशुभ्र वाटतो, समोरच्याच्या डोळ्यांवर तिरीप येते. कंपनीनं दिलेल्या रचनेत असे बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मनाई आहे.

भिंतीवर फोकस तपासा

सपाट जागेवर गाडी भिंतीला लावा. हेडलाइटच्या मध्याच्या उंचीवर भिंतीवर खूण करा. मग गाडी सरळ मागं घेऊन भिंतीपासून पाच मीटरवर थांबवा आणि डिपर लावा. उजेडाची वरची कड खुणेच्या सुमारे पाच सेंटिमीटर खाली हवी. डावीकडं कड थोडी वर चढलेली दिसते, ती तशीच असते, रस्त्याची कड दिसावी म्हणून. उजवीकडं उजेड खुणेच्या वर जात असेल तर मेकॅनिककडून स्क्रू फिरवून घ्या.

परतीच्या वेळी डिकी भरली की गाडीचं नाक वर होतं आणि डिपरही समोरच्याच्या डोळ्यांत जातो. त्यासाठी अनेक गाड्यांत डॅशबोर्डवर ० पासून आकडे असलेलं बटण असतं. एकटा ड्रायव्हर असेल तर शून्य, जसजसं वजन वाढेल तसा मोठा आकडा. हे बटण बहुतेकांनी कधी फिरवलेलंच नसतं. सुलतान बाजारहून निघताना ते फिरवा.

निघण्याआधी

आठ दिवस आधी : टायरची नक्षी, वय, फुगवटा तपासा. बदलायचं असेल तर आत्ताच बदला, अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग करून घ्या. काच पॉलिश करून घ्या. रात्री भिंतीवर फोकस बघा.

आदल्या दिवशी : स्टेपनीसह पाचही टायरची हवा. काही नव्या गाड्यांत स्टेपनीऐवजी पंक्चर किट असतो, तो कसा वापरायचा ते घरीच बघून ठेवा. जॅक, पाना, एक जादा बल्ब आणि दोन फ्यूज गाडीत टाका.

हैदराबादला : संगारेड्डीकडून येणाऱ्यांना मियापूरहून मेट्रोची लाल मार्गिका मिळते, ती थेट कोठीजवळच्या उस्मानिया मेडिकल कॉलेज स्टेशनला जाते. गठ्ठे मोठे नसतील तर गाडी शहराच्या गर्दीत न्यायची गरज नाही.

परत येताना : काच आणि हेडलाइट ओल्या फडक्यानं पुसा, फोकसचं बटण फिरवा, जड गठ्ठे डिकीत खाली आणि पुढच्या बाजूला ठेवा. समोरून तीव्र उजेड आला तर डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीकडं बघून वेग कमी करा. डिपरवर ऐंशीच्या पुढं जाऊ नका. ड्रायव्हरला झोप येत असेल तर नातेवाइकांकडं मुक्काम करा आणि सकाळी निघा.