डोंगरातील घरे

गुहेत राहणारा माणूस म्हटला, की हाती दगडी हत्यार घेतलेला कोणी रानटी पुरुष आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. ही कल्पना अर्धीच खरी आहे. भोपाळजवळील भीमबेटक्याचे शैलाश्रय डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर यांनी १९५७ साली उजेडात आणले. तेथे अश्मयुगीन माणूस दीर्घकाळ वस्तीला होता. परंतु तो निसर्गाने दिलेल्या आडोशाखाली राहत होता. गोमंतकातील हरवळे, लामगाव, खांडेपार येथील गुहांची गोष्ट निराळी. तेथे माणसाने डोंगर कोरून आपले घर स्वतः घडविले.

याचे कारण तेथील दगडात आहे. पेडणे व डिचोली या तालुक्यांत जांभ्याचे सडे व टेकड्या पसरलेल्या आहेत. जांभा नुकताच उघडा पडला, की हत्याराने सहज तासता येतो. वारा-ऊन लागले, की टणक होतो. त्यात अजिंठ्यासारखे नाजूक कोरीवकाम साधत नाही, पण राहण्याजोगी खोली मात्र साधते. उत्तर चीनमध्ये मऊ पिवळ्या मातीच्या टेकड्यांत कोरलेल्या घरांतून आजही लक्षावधी लोक राहतात, ते याच न्यायाने.

साखळीजवळील हरवळे येथे अशी दालने एका ओळीत कोरलेली असून त्यांत शिवलिंगे आहेत. एका लिंगावरील लेखाच्या अक्षरवळणावरून तो सातव्या शतकाच्या सुमाराचा मानला जातो. हा मूळचा बौद्ध विहार, असे काही अभ्यासक म्हणतात. इतरांच्या मते ही लेणी प्रथमपासून शैवच. डिचोलीजवळील लामगावच्या गुहांविषयीही असाच प्रश्न उपस्थित होतो. वाद काही असो, पावसाळ्याचे महिने एका जागी काढण्याचा नियम पाळणाऱ्या भिक्षूला कोकणच्या पावसात असा कोरडा निवारा किती मोलाचा वाटला असेल, हे सांगावयास नको. फोंडा तालुक्यातील खांडेपारच्या गुहांत छतावर कमळ आहे आणि भिंतींत दिव्यासाठी कोनाडेही आहेत. ज्याने कोनाडा कोरला, त्याला रात्री तेथे जागावयाचे होते, हे उघड आहे.

हे रहिवासी कोण, हे लोक विसरले आणि हरवळ्याच्या गुहा पांडवांच्या झाल्या. इतिहासकाराने या कथेला हसू नये. पांडवांच्या वास्तूवर व महादेवाच्या स्थानावर कोणी घण घालीत नाही. श्रद्धेने या गुहांचे जे रक्षण केले, ते दीर्घकाळ दुसऱ्या कोणी केले नाही.

प्रश्न आहे तो ज्यांना ना पांडव लाभले ना लिंग, अशा अवशेषांचा. डिचोलीचे डोंगर लोहखनिजासाठी खणले गेले. सर्वोच्च न्यायालयाने ५ ऑक्टोबर २०१२ रोजी गोव्यातील खाणकाम थांबविले, तोवर पुष्कळ डोंगर मूळ रूपात उरले नव्हते. पेडण्यात मोप्याच्या सड्यावर डिसेंबर २०२२ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. घरांसाठी चिरे तर हवेतच. दक्षिण गोव्यात कुशावती नदीच्या काठी, उसगाळीमळ येथील जांभ्यावर कोरलेले बैल व हरिणे १९९३ पर्यंत अभ्यासकांना अज्ञात होती. तेथे त्याआधी खाण लागली असती, तर तो पुरावा चिऱ्यांबरोबर गाडीत भरून गेला असता.

यास्तव डोंगर फोडण्यापूर्वी तो एकदा नीट पाहावा, एवढीच अपेक्षा आहे. ज्या जांभ्याने आपल्याला भिंती दिल्या, त्यानेच आपल्या पूर्वसूरींना छप्पर दिले होते.