एका कोंबडीचा रस्सा

शिंदखेडा तालुक्यातील दोंडाईचा हे गाव मिरचीच्या बाजारासाठी ओळखले जाते. ही मिरची मूळची अमेरिकेतली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती हिंदुस्थानात उतरली. खानदेशच्या झणझणीत काळ्या रश्श्याला आपण अनादी मानतो, पण त्याचा तिखटपणा असा परदेशी आहे.

रश्श्यामागची गरज मात्र इथलीच. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी कोंबडी पाळली जाई ती अंड्यांसाठी. ती कापायची, तर पाहुणा तरी यावा किंवा बाळंतीण तरी असावी. पक्षी एक आणि खाणारी तोंडे दहा! तेव्हा मान, पंख, पाय, काळीज, पोटा, सारेच हंडीत पडे. कांदा व सुके खोबरे विस्तवावर काळपट भाजून, खड्या मसाल्यासह पाट्यावर वाटून त्यात आधणाचे पाणी ओतले, की त्या एका जीवावर घर जेवत असे.

पुढे १९७१ साली डॉ. बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वरा हॅचरीज स्थापन केली आणि सहा आठवड्यांत तयार होणारी ब्रॉयलर कोंबडी हळूहळू गावोगावी पोहोचली. मांस स्वस्त झाले, पण त्यात उच्चनीच भेदही आला. तंगडी आणि छातीला मान मिळाला. पाय नि पोटा कमी भावाने गरिबाच्या पिशवीत गेले.

या स्वस्त तुकड्यांत खरेच कस असतो काय? हाच प्रश्न एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये गाजला होता. तेथे हाडांतून काढलेल्या जिलेटिनचे सूप रुग्णालयांतील गरिबांना पाजले जाई. मॅजेंडी यांच्या समितीने १८४१ साली निर्वाळा दिला, की केवळ जिलेटिनवर प्राणी जगत नाही. ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल त्यात नसते, हे कारण पुढे उमगले. म्हणजे नुसत्या पायांचे दाट पाणी पाजून अशक्त माणूस उभा राहील, ही समजूत फोल आहे.

खानदेशी ताटात ती उणीव सहज भरून निघते. रश्श्यासोबत असते ती कळण्याची भाकरी, ज्वारी व उडीद एकत्र दळून केलेली. हंडीतला पोटा म्हणजे निव्वळ स्नायू, उत्तम प्रथिन. आणि काळजात लोह व अ जीवनसत्त्व विपुल. पाय उकळत्या पाण्यात बुडवून त्यांची साल व नखे काढावीत, पोट्याच्या आतला पिवळा पापुद्रा सोलावा, आणि दोन्ही तासभर मंद आचेवर शिजू द्यावेत. काळीज अगदी शेवटी टाकावे. फार शिजले, की ते खडबडीत होते.