महाराष्ट्रातील कोविड-१९ निर्बंधांचे शिथिलीकरण

महाराष्ट्रातील कोविड-१९ निर्बंधांचे शिथिलीकरण ही जून २०२१ ते एप्रिल २०२२ या काळात टप्प्याटप्प्याने पार पडलेली प्रशासकीय प्रक्रिया होय. कोविड-१९ प्रतिबंधक लसीकरणाचा विस्तार होत गेला, तसतसे दुकाने, उपाहारगृहे, शाळा, प्रार्थनास्थळे, सार्वजनिक वाहतूक व पर्यटनस्थळे यांवरील निर्बंध कमी करण्यात आले. निर्बंध केव्हा उठवावेत, कोणत्या निकषावर उठवावेत आणि लस न घेतलेल्यांना वेगळी वागणूक द्यावी की नाही, हे या काळातील सार्वजनिक चर्चेचे मुख्य विषय होते. पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा यांसारख्या आदिवासीबहुल तालुक्यांमध्ये या चर्चेला आणखी एक बाजू होती. सवलत लसीकरणाच्या टक्केवारीशी जोडली गेल्यास, जिथे लस पोहोचविणेच अवघड आहे तिथे सवलतही उशिरा पोहोचते.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात कोविड-१९ चे पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात आढळले. त्यानंतर राज्य शासनाने साथरोग अधिनियम, १८९७ लागू केला. हा कायदा मुंबई इलाख्यातील प्लेगच्या साथीच्या वेळी करण्यात आला होता. त्याच साथीत वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली, तर पुण्यातील प्लेग-प्रतिबंधक उपायांच्या जाचामुळे निर्माण झालेल्या असंतोषातून जून १८९७ मध्ये वॉल्टर रँड यांच्यावर हल्ला झाला. साथ आटोक्यात आणण्यासाठी शासनाने किती कठोर व्हावे, हा प्रश्न त्यामुळे महाराष्ट्राला नवा नव्हता.

२५ मार्च २०२० पासून देशव्यापी टाळेबंदी लागू झाली. जून २०२० पासून राज्यात ‘पुनश्च हरिओम’ या नावाने पहिले शिथिलीकरण सुरू झाले; मात्र त्या वेळी लस उपलब्ध नव्हती. भारतातील लसीकरण १६ जानेवारी २०२१ रोजी आरोग्य कर्मचाऱ्यांपासून सुरू झाले. १ मार्चपासून ६० वर्षांवरील व्यक्ती आणि सहव्याधी असलेले ४५ वर्षांवरील नागरिक, १ एप्रिलपासून ४५ वर्षांवरील सर्व आणि १ मेपासून १८ वर्षांवरील सर्व नागरिक लसीस पात्र ठरले. याच सुमारास दुसरी लाट आल्याने एप्रिल २०२१ मध्ये ‘ब्रेक द चेन’ आदेशांद्वारे राज्यात पुन्हा कडक निर्बंध लागू करण्यात आले.

पाच स्तरांची योजना

दुसरी लाट ओसरू लागल्यावर ३ जून २०२१ रोजी मदत व पुनर्वसन मंत्री विजय वडेट्टीवार यांनी १८ जिल्ह्यांतील निर्बंध उठविण्यात आल्याचे जाहीर केले. असा निर्णय अद्याप झालेला नाही, असा खुलासा शासनाने काही तासांतच केला. त्यानंतरच्या आदेशानुसार ७ जूनपासून पाच स्तरांची योजना लागू झाली. चाचण्यांमधील बाधितांचे प्रमाण ५ टक्क्यांपेक्षा कमी आणि प्राणवायूच्या खाटांचा वापर २५ टक्क्यांपेक्षा कमी असलेले विभाग पहिल्या स्तरात, तर बाधितांचे प्रमाण २० टक्क्यांहून अधिक किंवा खाटांचा वापर ७५ टक्क्यांहून अधिक असलेले विभाग पाचव्या स्तरात ठेवण्यात आले.

या योजनेत सवलतीचे एकक जिल्हा हे होते. दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या महानगरपालिका मात्र स्वतंत्र विभाग मानण्यात आल्या. वसई-विरार ही त्यांपैकी एक होती. पालघर जिल्ह्याचा उर्वरित भाग एकच विभाग ठरला. त्यामुळे बोईसर-तारापूरचा औद्योगिक पट्टा, डहाणूची किनारपट्टी आणि जव्हार-मोखाड्यातील डोंगरपाडे यांना एकच नियम लागू झाला. २५ जूनच्या आदेशाने डेल्टा प्लस प्रकाराच्या शक्यतेमुळे सर्व विभाग किमान तिसऱ्या स्तरात आणले गेले. स्तर ठरविताना केवळ आरटी-पीसीआर चाचण्यांचेच निष्कर्ष धरावेत, असेही त्यात म्हटले होते. २ ऑगस्ट २०२१ रोजी बहुतेक जिल्ह्यांतील निर्बंध शिथिल झाले, तेव्हा ज्या ११ जिल्ह्यांत तिसऱ्या स्तराचे निर्बंध कायम राहिले त्यांत पालघरचा समावेश होता.

लसीकरण आणि प्रवेशाचा हक्क

१५ ऑगस्ट २०२१ पासून लसीच्या दोन मात्रा घेऊन १४ दिवस पूर्ण झालेल्या प्रवाशांना मुंबईच्या उपनगरी रेल्वेतून प्रवासाची परवानगी मिळाली. मॉलमधील प्रवेशासाठीही हीच अट घालण्यात आली. लसीकरण केवळ आरोग्याचे साधन न राहता प्रवेशपत्र बनले, ते या टप्प्यापासून. २७ नोव्हेंबर २०२१ च्या आदेशाने ही अट सार्वजनिक वाहतूक, दुकाने व समारंभ यांना लागू केली आणि कोविड-अनुरूप वर्तनाचे नियम मोडणाऱ्या व्यक्तीस ५०० रुपयांचा दंड ठेवला. त्याच महिन्यात औरंगाबाद जिल्हा प्रशासनाने पहिली मात्रा न घेतलेल्यांना शिधा व इंधन न देण्याचा आदेश काढला होता.

अटीच्या समर्थकांच्या मते, रुग्णालयांवरील ताण कमी ठेवून व्यवहार सुरू करण्याचा हाच व्यवहार्य मार्ग होता आणि त्यामुळे लसीकरणालाही वेग येत होता. विरोधकांचा मुख्य आक्षेप असा, की लस कायद्याने ऐच्छिक असताना तिच्याविना प्रवास किंवा रोजगार अशक्य करणे ही अप्रत्यक्ष सक्ती ठरते. लस घेतलेल्या व्यक्तीलाही संसर्ग होऊ शकतो व तिच्याकडून तो पसरू शकतो, हाही त्यांचा मुद्दा होता. रेल्वेप्रवासाच्या अटीला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले. संबंधित आदेश काढताना विहित कार्यपद्धती पाळली गेली नसल्याचे न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये निदर्शनास आणले. त्यावर राज्य शासनाने ते आदेश मागे घेण्याची तयारी दर्शविली. २ मे २०२२ रोजी जेकब पुलियेल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कोणालाही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही, असा निर्णय दिला. लस न घेतलेल्यांवरील निर्बंध त्या वेळच्या परिस्थितीत प्रमाणबद्ध नसल्याचे मत नोंदवतानाच, न्यायालयाने केंद्राचे लसीकरण धोरण अवाजवी नसल्याचेही म्हटले.

जव्हार व मोखाडा

जव्हार व मोखाडा हे पालघर जिल्ह्याच्या पूर्वेकडील डोंगराळ तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार येथील सुमारे नव्वद टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर व कातकरी हे येथील प्रमुख समाज होत. वस्ती विखुरलेल्या पाड्यांमध्ये असून लेंडी नदीवरील धबधब्यामुळे परिचित असलेले दाभोसा हे जव्हार तालुक्यातील गाव आहे. १९९२-९३ मधील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंमुळे हा भाग कुपोषण व अपुऱ्या आरोग्यसेवेच्या संदर्भात राज्यभर चर्चेत आला होता.

या भागातील लसीकरणाच्या अडचणी लसीच्या स्वरूपातूनच उद्भवत होत्या. लस २ ते ८ अंश सेल्सियस तापमानात ठेवावी लागे. कोविशील्डच्या एका कुपीत दहा मात्रा असत आणि कुपी उघडल्यानंतर चार तासांत त्या वापराव्या लागत. चार-सहा घरांच्या पाड्यावर एकाच वेळी दहा पात्र व्यक्ती जमविणे सोपे नव्हते. १८ ते ४४ वयोगटासाठी सुरुवातीस कोविन संकेतस्थळावर पूर्वनोंदणी बंधनकारक होती. ज्यांच्याकडे स्मार्टफोन वा इंटरनेट नाही त्यांच्यापर्यंत लस कशी पोहोचणार, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयानेही ३१ मे २०२१ च्या आदेशात केंद्र शासनाला विचारला होता. लसीबद्दलची भीती ही यापेक्षा वेगळी अडचण होती. लसीनंतर येणाऱ्या तापामुळे मजुरी बुडण्याची धास्तीही तिच्यात मिसळलेली असे.

दोन मात्रांमधील अंतर ही आणखी एक अडचण ठरली. मे २०२१ मध्ये कोविशील्डच्या मात्रांमधील अंतर १२ ते १६ आठवडे करण्यात आले. जव्हार-मोखाड्यातील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्या व बांधकामांवर स्थलांतर करतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. पावसाळ्याच्या अखेरीस पहिली मात्रा घेतलेल्या मजुराची दुसरी मात्रा त्यामुळे स्थलांतराच्या काळात येत असे. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत चाललेल्या एस.टी. कर्मचाऱ्यांच्या संपाने, रेल्वे नसलेल्या या भागातील प्रवास आणखी कठीण झाला.

ऑक्टोबर २०२१ मध्ये राज्याचे ‘मिशन कवच कुंडल’ आणि नोव्हेंबरपासून केंद्राचे ‘हर घर दस्तक’ हे अभियान राबविण्यात आले. घरोघरी जाऊन लस देण्याच्या या टप्प्यात आशा कार्यकर्त्या व आरोग्यसेविकांवर मोठी जबाबदारी होती. डिसेंबर २०२१ मध्ये पालघर जिल्हा प्रशासनाने जव्हारहून झाप येथे ड्रोनद्वारे लसीच्या ३०० मात्रा पाठविल्या. रस्त्याने सुमारे ४० मिनिटे लागणारे हे अंतर ड्रोनने नऊ मिनिटांत पार केले.

शाळांचा प्रश्न

निर्बंध शिथिल करण्याच्या चर्चेत शाळांचा विषय सर्वाधिक वादाचा ठरला, कारण शालेय मुलांसाठी तेव्हा लस उपलब्ध नव्हती. जुलै २०२१ च्या शासन निर्णयाने कोविडमुक्त गावांतील आठवी ते बारावीचे वर्ग ग्रामपंचायतीच्या ठरावाने १५ जुलैपासून सुरू करण्यास मुभा दिली. येथे जिल्ह्याऐवजी गाव हे एकक धरण्यात आले होते. १७ ऑगस्टपासून शाळा व्यापक प्रमाणात सुरू करण्याचा निर्णय मात्र कृती दलाच्या आक्षेपानंतर स्थगित झाला. अखेर ४ ऑक्टोबरपासून ग्रामीण भागात पाचवी ते बारावी आणि शहरी भागात आठवी ते बारावीचे वर्ग सुरू झाले. ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दिवशी, प्रार्थनास्थळे उघडली. त्यासाठी भारतीय जनता पक्षाने आंदोलने केली होती. जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनच्या लाटेत शाळा पुन्हा बंद झाल्या व २४ जानेवारीपासून स्थानिक प्रशासनाच्या निर्णयानुसार उघडल्या. ऑनलाइन शिक्षणाची साधने नसलेल्या आदिवासी पाड्यांवर शाळा बंद म्हणजे शिक्षणच बंद, असा युक्तिवाद शाळा उघडण्याच्या बाजूने करण्यात येत होता. आश्रमशाळांचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होता. तेथे विद्यार्थी एकत्र राहत असल्याने संसर्गाची जोखीम जास्त होती, पण शिक्षणाबरोबर दोन वेळच्या जेवणाची सोयही तेथेच होती.

निर्बंधांचा शेवट

३१ जानेवारी २०२२ च्या आदेशाने पर्यटनस्थळे पूर्ण लसीकरण झालेल्यांसाठी खुली झाली. मार्च २०२२ च्या आदेशाने १४ जिल्ह्यांना जवळजवळ पूर्ण मोकळीक मिळाली. त्यासाठी पहिली मात्रा ९० टक्क्यांहून अधिक व दुसरी ७० टक्क्यांहून अधिक पात्र लोकसंख्येस दिलेली असणे, बाधितांचे प्रमाण १० टक्क्यांपेक्षा कमी असणे आणि प्राणवायू वा अतिदक्षता खाटांचा वापर ४० टक्क्यांपेक्षा कमी असणे, असे निकष होते. या यादीत मुंबई, पुणे, नागपूर, रायगड आदी जिल्हे होते, पालघर नव्हता. त्यामुळे पालघरमध्ये उपाहारगृहे व नाट्यगृहे यांना ५० टक्के क्षमतेची मर्यादा कायम राहिली.

मंत्रिमंडळाने ३१ मार्च २०२२ रोजी घेतलेल्या निर्णयानुसार २ एप्रिल २०२२ पासून, गुढीपाडव्याच्या दिवशी, राज्यातील सर्व निर्बंध उठविण्यात आले आणि मास्कचा वापर ऐच्छिक झाला. जिल्हानिहाय टक्केवारीवर आधारलेली सवलतीची पद्धतही त्याबरोबरच संपुष्टात आली. निर्बंध उठल्यानंतरही लसीकरण सुरू राहिले. जागतिक आरोग्य संघटनेने कोविड-१९ संबंधीची आंतरराष्ट्रीय आणीबाणी ५ मे २०२३ रोजी संपल्याचे जाहीर केले.