तानसाचे पाणी: दाब आणि विरोध
शहापूर तालुक्यातले तानसा धरण १८९२ मध्ये पूर्ण झाले आणि त्याचे पाणी केवळ उताराच्या जोरावर मुंबईकडे वाहू लागले. तलाव आणि शहर यांच्या उंचीतला फरक म्हणजे दाब, लांबलचक नळातले घर्षण म्हणजे विरोध. रक्तवाहिन्यांतही प्रवाह या दोहोंवरच ठरतो. फ्रेंच वैद्य प्वाझय यांनी रक्ताभिसरण उलगडण्यासाठी १८४० च्या सुमारास बारीक काचनळ्यांवर प्रयोग केले: त्रिज्या निम्मी झाली की तेवढ्याच दाबाला प्रवाह सोळावा हिस्सा उरतो. म्हणूनच धमनिका जराशा आकुंचल्या तरी रक्ताची वाटणी बदलते. तानसाच्या रुंद नळांत प्रवाह खळबळता असल्याने गणित वेगळे, पण व्यास तिथेही निर्णायक. तहान वाढली तशा मुंबईने अधिक रुंद वाहिन्या टाकल्या. शहापूरचे कित्येक पाडे मात्र उन्हाळ्यात टँकरवर विसंबतात, हे अन्यायाचेच आहे.